नुसता रंग बघून पीक कळत नाही, पोरंही कळत नाहीत



या पानावर मी एरवी लिहितो ते बीजप्रक्रिया, हुमणी, खतांच्या मात्रा अशा विषयांवर. आजचा विषय वेगळा आहे. आज लिहायचे आहे ते आपल्या घरातल्या तेरा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींबद्दल, त्यांच्या ताटाबद्दल आणि आपल्या जिभेबद्दल. ‘हा शेतीखात्यातला माणूस, कृषी पदविका घेतलेला. याला डॉक्टरकी करायला कुणी सांगितली?’ असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण कामाच्या निमित्ताने रोज चार घरांचे उंबरे ओलांडतो. कुणाच्या परसात काय पिकते आणि कुणाच्या चुलीवर काय शिजते, हे दिसत राहते. आणि खरे सांगायचे तर हा लेख मी लिहितोय तो एका अपराधापोटी. अपराध माझाच आहे.

भाऊबीजेची थट्टा

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. बहिणीच्या गावी गेलो. भाची तेव्हा नववीत होती. सहा महिन्यांत चांगली हाडापेराने भरली होती. दारात येऊन पाया पडली आणि मी मामाच्या हक्काने बोलून गेलो, ‘काय गं, दाजींच्या म्हशीचं दूध डेअरीला जातं, का सगळं तुझ्याच पोटात?’ सगळे हसले. दाजी हसले, तिची आजी हसली, पोरगीही हसली. मी करंज्या खाल्ल्या, ताटात ओवाळणी टाकली आणि गाडीला किक मारून परत आलो. बोललेले विसरूनही गेलो.

पोरगी विसरली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने दूध सोडले. मग रात्रीची भाकरी सोडली. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जायचे आणि डबा मैत्रिणींना वाटून टाकायचा, असे सुरू झाले. घरात कुणाच्या लक्षात आले नाही. आई पहाटे धारा काढायला गोठ्यात, नंतर कांद्याच्या लागणीला. रात्री पोर ‘मला भूक नाही, अभ्यास करायचाय’ म्हणाली की आईला वाटे, पोर शहाणी झाली, अभ्यासाला लागली. आजी तर कौतुक करायची, ‘आता कशी चवळीच्या शेंगेसारखी दिसते!’

जानेवारीत २६ तारखेच्या लेझमाची तालीम चालू होती. अकराच्या उन्हात पोर मैदानावरच कोसळली. सर लोकांनी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.६. या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवे. ८ च्या खाली गेले म्हणजे तीव्र रक्तक्षय. डॉक्टरबाई बहिणीला म्हणाल्या, ‘हे काही दोन महिन्यांत झालेलं नाही. रक्त आधीच कमी होतं, त्यात हिने उपास धरले.’ तीन महिने पाळीही आली नव्हती. पोरीने ते आईलाही सांगितले नव्हते.

हे सगळे तिने नंतर तिच्या मामीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितले. कशामुळे जेवण सोडलेस, असे विचारले तेव्हा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मामाच म्हणाला होता ना.’

मला हे बायकोने रात्री जेवताना सांगितले. पुढचा घास गिळवेना.

आता पोर बरी आहे, अकरावीला आहे. हा लेख लिहू का, असे तिला विचारले. म्हणाली, ‘लिही मामा, पण माझं नाव पेपरात नको.’ म्हणून नाव लिहीत नाही.

आकडे काय सांगतात

तुम्ही म्हणाल, एका पोरीचे झाले म्हणून एवढा गवगवा कशाला? तर आकडे पाहू. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाचे देशभर सर्वेक्षण केले. त्यात १० ते १९ वर्षे वयाच्या शंभर मुलामुलींत २४ जण वयाच्या मानाने रोड निघाले. जाड किती निघाले? शंभरात ५. आणि रक्तक्षय? शंभर मुलींत ४०, शंभर मुलांत १८.

म्हणजे शिवारात चोवीस सऱ्या वाळून चालल्यात आणि आपली सगळी चर्चा पाच सऱ्या माजल्या त्यावर! जाडपणाचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावी तो वाढतोय आणि खेड्यातही पाच रुपयांच्या पुड्यांबरोबर येतोय. पण पोरगी चार घास जास्त जेवली की ‘बास कर आता’ म्हणणारे घरोघर आहेत. ती दमते का, तिला धाप लागते का, डोळ्याची खालची पापणी ओढून आत पांढरे दिसते का, हे बघणारे किती आहेत?

एक गोष्ट आपल्या डोक्यात बसलीच पाहिजे. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगी अंगाने भरते, कमरेला-मांडीला मांस धरते, ते निसर्गाचे काम आहे. पोटरीत आलेल्या ज्वारीचे ताट फुगते, त्याला आपण रोग म्हणतो का? त्याच वेळी पाणी तोडले तर कणीस भरत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. माणसाच्या हाडांत जो साठा व्हायचा तो बराचसा याच वयात होतो. पाळी सुरू झालेल्या मुलीचे रक्त दर महिन्याला जाते, म्हणून तिची लोहाची गरज मुलापेक्षा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, त्याच वयाच्या मुलाला २२. आणि आपल्या घरात पहिले ताट कुणाचे? बापाचे आणि भावाचे. पोरगी आईबरोबर मागून बसते. तोवर पातेल्यात रस्सा उरतो, भाजी संपलेली असते.

नजरेला दिसते ते खरे नसते

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायाबापड्यांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच शेतकरी घरे. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातल्या बाळांचे ३.५ किलो. पण गंमत अशी की आपली बाळे दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते मांस. हाच बारीक दिसणारा माणूस पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतो, असे डॉ. याज्ञिक सांगत आले आहेत. म्हणजे ‘बारीक तो निरोगी’ हे गणित आपल्या लोकांना लागूच पडत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायांच्या खाण्यात गरोदरपणी पालेभाजी, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे जास्त भरीव जन्मली. आज पंधरा वर्षांची जी पोरगी ‘जाड दिसते’ म्हणून भाकरी टाळते, ती पुढे कुणाची तरी आई होणार आहे. तिने आत्ता सोडलेला घास दोन पिढ्यांच्या ताटातून जातो.

माती नजरेने कळत नाही म्हणून तर २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली. आपण पिशवीत माती भरून प्रयोगशाळेत पाठवतो, नत्र-स्फुरद-पालाश बघतो. युरिया टाकून पीक काळेभोर केले तर रस्त्याने जाणारा ‘वा!’ म्हणतो, आणि एका वादळात सगळे पीक लोळते. हे आपण सोसलेले आहे. मग घरच्या पोरापोरींना मात्र रंग आणि आकार बघून पास-नापास का करतो?

पोरांचेही तेच

हे फक्त पोरींचे दुखणे आहे असे समजू नका. प्रत्येक मोठ्या गावात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. मला त्यांचे कौतुक आहे. भरतीला मुलांसाठी उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, अशा अटी आहेत. पोरांच्या डोक्यात टेप बसलेला असतो. सकाळ-संध्याकाळ छाती मोजतात. त्यात मोबाइलवर दंड फुगवलेले गडी दिवसभर दिसतात. तालुक्याच्या जिममध्ये कुणीतरी सांगतो, ‘नुसत्या भाकरीनं काय होतंय? डबा आण.’ डब्याला दोन-तीन हजार रुपये. बाप कांदा विकून पैसे देतो, कारण पोरगा भरती व्हावा ही त्याचीही इच्छा.

एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मी असाच एक डबा हातात घेऊन बघितला. बिल नाही, परवाना क्रमांक खोडलेला. कीटकनाशकाची अशी बाटली दुकानात दिसली तर आपण तक्रार करू, कारण ती पिकावर मारायची असते. ही पावडर तर पोराच्या पोटात जाते!

डब्यावरच थांबले तरी एक वेळ बरे. पण मांसवाढीच्या हार्मोनची इंजेक्शने आणि गोळ्या काही जिममधून खपतात. त्याचा शेतकऱ्याला समजेल असा हिशोब सांगतो. द्राक्षाला आपण जीए वापरतो, पण केव्हा आणि किती हे चुकले तर घडाची काय गत होते ते बागायतदाराला विचारा. वाढत्या पोराला बाहेरून असे हार्मोन दिले तर हाडांची वाढीची टोके वेळेआधी बंद होतात आणि उंची तिथेच खुंटते. म्हणजे ज्या १६५ सेंटिमीटरसाठी धडपड, त्याच्याच मुळावर घाव. यकृत, हृदय यांचे नुकसान वेगळे. अलीकडच्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात मेफेंटरमाईन नावाच्या इंजेक्शनचे साठे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली गेला तर तो वर आणण्याचे हे औषध. ते आपली पोरे दम टिकावा म्हणून टोचून घेतात. काळीज घोड्यासारखे पळवायचे आणि मग एखाद्या पहाटे ते बंद पडायचे, एवढा हा धोका आहे.

आता घरचा हिशोब बघा. १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यात १२ ग्रॅम, दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पन्नास ग्रॅम भिजवलेल्या हरभऱ्यात (वजन भिजवण्याआधीचे) १० ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम. इथेच चाळीसच्या वर गेलो. भाकरी, डाळ-उसळ यांचे आणखी वेगळे. व्यायाम करणाऱ्याला थोडे जास्त लागते, तेही यातूनच निघते. शेंगदाणे, हरभरा, दूध, अंडी ही आपल्याच घरातली आहेत. फक्त ती आपण विकतो आणि डबा विकत आणतो.

गोरेपणाचे खूळ

आपल्याकडे रंगाचे खूळ तर विचारू नका. उन्हात काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात गोरेपणाचा एवढा सोस का, हे मला अजून कळलेले नाही. पोर जन्मली की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, दुसरा काळी की गोरी. स्थळ बघायला आलेले पाहुणे पोरीला चालून दाखवायला लावतात. वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिराती उघडा, ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द अजून छापून येतात. हे सगळे पोरी ऐकतात, वाचतात.

२०२० साली एका मोठ्या कंपनीने आपल्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. नाव गेले, खूळ गेले नाही. आठवडी बाजारात बिनानावाच्या डब्या मिळतात. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे मलम आणून पोरी महिनोन् महिने तोंडाला फासतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, आणि मलम बंद केले की आणखी भडकते. काही क्रीममध्ये तर पारा असतो. असे क्रीम लावून मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे २०२३ मध्ये केरळात आणि आपल्या राज्यातही उजेडात आली. चेहऱ्याला लावलेले विष मूत्रपिंडापर्यंत पोचते, हे औषध फवारणाऱ्या शेतकऱ्याला तरी पटायला हवे. म्हणून तर हातमोजे घाला असे आम्ही ओरडून सांगत असतो.

काळी भाकरी

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती एक साधी गोष्ट. मागच्या हंगामात एका हायस्कुलात भरडधान्यावर बोलायला गेलो होतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून असे कार्यक्रम होतात. मी विचारले, ‘आज डब्यात बाजरीची भाकरी कुणी आणलीय?’ ऐंशी पोरांत एकही हात वर नाही. गाव बाजरीचे! नंतर एक पोरगी हळूच जवळ येऊन म्हणाली, ‘सर, घरी खातो. पण डब्यात काळी भाकरी आणली की पोरं हसतात. म्हणून चपाती आणतो, नाहीतर बिस्किटं.’

बघा, काळी पोर नको आणि काळी भाकरीही नको! एकाच खुळाने दोघींना बाहेर काढले.

त्या काळ्या भाकरीत काय आहे ते आता माझ्या धंद्यातले म्हणून सांगतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने मिळून ‘धनशक्ती’ नावाचा बाजरीचा वाण काढला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रात आला, २०१४ मध्ये देशभरासाठी. त्याच्या एका किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. साध्या बाजरीत ४५ ते ५० असते, आणि पांढऱ्याशुभ्र तांदळात त्याहून पुष्कळ कमी. पुढे ‘एएचबी १२०० एफई’ हा परभणीच्या विद्यापीठाचा जास्त लोहाचा संकरित वाणही आला.

हे नुसते कागदावरचे नाही. आपल्या महाराष्ट्रातच निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची, दिवसातून दोनदा. ज्या मुलांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होते, त्यांच्यापैकी जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांत सहा महिन्यांनी कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट निघाली. गोळी नाही, इंजेक्शन नाही. भाकरी.

अर्थात भाकरी म्हणजे जादू नव्हे. माझ्या भाचीसारखे रक्त खूप उतरले असेल तर दवाखानाच गाठला पाहिजे, तिथे भाकरीवर विसंबून चालणार नाही. पण रक्त उतरूच नये म्हणून रोजचे ताट महत्त्वाचे.

मग करायचे काय?

आमच्या खात्याची सवय म्हणून मुद्देसूद सांगतो.

एक. पोरापोरींचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते. बैलाला लाळ-खुरकुताची लस चुकवत नाही, मग पोरांचे रक्त का चुकवावे?

दोन. शाळेत आठवड्याला निळी लोहगोळी मिळते, ती पोरे खिडकीतून फेकतात. उपाशी पोटी घेतली की मळमळते, म्हणून बदनाम झाली. इथे एक मेख आहे. शाळेची खिचडी आठवीपर्यंत. नववीत गेले की ती बंद, म्हणजे नेमकी गरज वाढते त्या वयात. त्या दिवशी डबा न विसरता द्या आणि जेवणानंतर गोळी घ्यायला सांगा. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी देतात, तीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर खाल्लेले त्यांच्याच कामी येते.

तीन. जेवणाबरोबर आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, चिंच, पेरू, आवळा यांनी ते चांगले लागते. भाकरी, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड, एवढे केले तरी पुष्कळ. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर पोर घराबाहेर पाठवू नका. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी चालेल.

चार. डेअरीला दूध घालताना आधी घरचा तांब्या बाजूला काढा. अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला करतो, पाळी सुरू झालेल्या पोरीलाही करा. परसात सांडपाण्यावर शेवगा, माठ, कढीपत्ता लावा. कोंबड्या पाळा आणि निम्मी अंडी घरात ठेवा. बाजरीचे पीठ लवकर कडू होते म्हणून कंटाळा येतो, तर आठ-दहा दिवसांपुरतेच दळा.

पाच. शाळेत पोरी पाणी पीत नाहीत, कारण मुतारीची सोय धड नसते. हे पोरीचे दुखणे नाही, गावाचे आहे. ग्रामसभेत विषय काढा. रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकपेक्षा ते काम आधी झाले पाहिजे.

सहा. पोर जेवण टाळते, सारखी आरशापुढे असते, पोरगा पावडरसाठी पैसे मागतो, चिडचिडा झालाय, दंडावर सुईच्या खुणा दिसतात, असे काही वाटले तर रागावू नका, मारू तर नकाच. जवळ बसवून बोला. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते, तिथे समुपदेशकाशी बोलता येते. आशाताईंना विचारा, त्या रस्ता सांगतील.

आणि सातवे

सातवा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. आपली जीभ आवरा. ‘काळी’, ‘ढोली’, ‘काडी’, ‘बुटकं’, ‘म्हशीवानी’ हे शब्द आपण मायेने वापरतो असे आपल्याला वाटते. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मला तर सगळे ‘फताडं’ म्हणायचे, माझं काय बिघडलं?’ असे एक काका मला म्हणाले. असेलही. पण तुमच्या वेळी दिवसभर हातात मोबाइल नव्हता, त्यात यंत्राने गोरे-गुळगुळीत केलेले शंभर चेहरे नव्हते. आज पोर रोज त्या चेहऱ्यांशी स्वतःला ताडून बघते आणि हरते. हरून घरी आली की आपणही तेच म्हणतो. मग तिने जायचे कुठे?

गंमत म्हणजे आपण गाईच्या बाबतीत कधी असे करत नाही. दुभती गाय काळी की पांढरी हे बघून वैरण टाकत नाही. तिने चारा सोडला तर अर्ध्या तासात डॉक्टरला फोन जातो. माझ्या भाचीने अडीच महिने चारा सोडला होता. शब्द कठोर आहे, पण मुद्दाम वापरतोय. आणि घरातले आम्ही सगळे तिचे कौतुक करत होतो.

यंदाच्या भाऊबीजेला पुन्हा बहिणीकडे गेलो होतो. पोर पाया पडली. जिभेवर काहीतरी थट्टा आलीच होती, सवय जात नाही. गिळून टाकली. म्हणालो, ‘कॉलेज कसं चाललंय?’ ती बोलत राहिली, वनस्पतिशास्त्र आवडते म्हणाली, बाजरीच्या वाणांचे विचारले. मग आम्ही जेवायला बसलो. बहिणीने भाकऱ्या टाकल्या. पोरीने दुसरी भाकरी घेतली, आणि घेताना एकदा माझ्याकडे बघितले.

दोन वर्षे झाली तरी ती अजून बघते. मी माझ्या ताटातल्या भाजीकडे बघत राहिलो.

वाचकहो, तुमच्या घरातही ताटावर बसलेले असे कुणी असेल, घास उचलण्याआधी तुमच्याकडे बघणारे. आज रात्री जेवताना लक्ष ठेवा. आणि काही बोलणारच असाल तर एवढेच बोला, ‘घे की अजून.’